समुद्राकडे पाठ करून

ओल्या वाळूत पुरून ठेवलेला पितळी डबा उघडला की जो वास येतो, तो मला अजून शब्दांत बसवता आलेला नाही. त्यात दडप्या पोह्यांतला ओला नारळ असे, चिरलेल्या कांद्याचा तिखटपणा असे, लिंबाची साल असे. पण या सगळ्यांच्या खाली आणखी काहीतरी थंड, धातूचे, किंचित हिरवे असे, तळ्याच्या बुडालेल्या पायरीला येते तसे. घरून निघताना आई डब्याला ओले फडके गुंडाळी. भाट्याच्या पुळणीवर पोचले की पहिले काम तेच. सुरूच्या बनापासून थोडे पुढे, जिथे वाळू तळव्याला दमट लागते तिथे, ती गुडघे टेकून कोपराएवढा खड्डा करी आणि डबा त्यात उतरवून वर वाळू लोटी. खूण म्हणून स्वतःची एक चप्पल त्यावर ठेवी. मग दुसऱ्या पायातली चप्पल घालून ती सगळीकडे लंगडत हिंडे, कारण तापलेल्या वाळूवर अनवाणी चालायचे तिला मुळीच सोसत नसे, आणि खूण हलवायची तर तिची छाती होत नसे. "अर्धी बायको चालवत आणलीय मी समुद्रावर," असे बाबा म्हणत, आणि माझी धाकटी बहीण छबू वाळूत लोळून हसे.

बाबा बोटीवर असत. आमच्या वाडीत त्याचे कुणाला नवल नव्हते; दर चार घरांआड कुणी ना कुणी बोटीवर असे, आणि तिथल्या बायका देशांची नावे गावच्या थांब्यांसारखी घेत. वर्षातले बहुतेक महिने बाबा पाण्यावर काढत आणि उन्हाळ्यात, आंबा पिकू लागला की, घरी येत. मग जूनमध्ये, कौलांवरचे शेवटचे काम आटोपून, मुंबईच्या एस्टीत बसत. मधल्या त्या दिवसांत आम्ही जितक्या वेळा समुद्रावर जाऊ तितक्या वेळा ते हौसेने येत. पण वाळूवर चटई पसरली की ते समुद्राकडे पाठ करून बसत. तोंड सुरूच्या बनाकडे, आमच्याकडे. सूर्य बुडायला आला, सगळी पुळण पश्चिमेकडे वळली, तरी हा एक उंच, रापलेला माणूस झाडांकडे बघत बसलेला. लोक वळून वळून पाहत. छबूने एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "अख्खं वर्ष त्याचंच तोंड बघतो गो मी. आता जरा तुमची बघू दे." ते पाण्यात पाऊलही घालत नसत. मावळतीचा लाल उजेड मी माझ्या लहानपणी समुद्रावर पाहिला त्यापेक्षा त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर अधिक पाहिला आहे. त्यांच्या मागून उजेड आला की त्या पाळ्या कोकमाच्या पाकळीसारख्या आरपार दिसत.

समुद्रावर कधी जायचे ते आई ठरवी, आणि ते पंचांग बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्याचा जुना हिशेब. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मला तो कधी चटकन जमला नाही. आईला भाजी परतता परतता जमे. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर चढलेले असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र संध्याकाळी ओहोटी असते आणि पुळण एखाद्या आवरलेल्या ओसरीसारखी रुंद होते. म्हणून आमच्या घरात महिना दोन ठिकाणी उजळे. बाबा नसले तरी आम्ही जात असू. श्रावणात समुद्र गढूळ, चहाच्या रंगाचा, आणि किनाऱ्यावर तुटून आलेल्या झावळ्या नि फेस. आम्ही लांब उभे राहून केवळ आवाज ऐकून परत येत असू. पावसाने खरवडून नेलेली वाळू आश्विनापासून समुद्र थोडी थोडी परत आणून टाकी. थंडीत सकाळी रापणीचे जाळे ओढणाऱ्यांची लांब हाळी येई, आणि ओल्या पुळणीवर शिंपले नि कवड्या सापडत. त्या भरून ठेवायला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. फाल्गुनात वारा फिरे, आणि चैत्रात पाण्याकडे डोळे उघडून बघवत नसे.

आता तिथे उंट असतात, घोड्यांच्या सजवलेल्या गाड्या असतात, भेळेचे ठेले असतात. मी कधीमधी जाते, सिमेंटच्या बाकावर बसते आणि परत येते. मला त्याबद्दल तक्रार नाही. पुळण माझ्यासाठी थांबून राहील, अशी अपेक्षा मी फार लवकर सोडली.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचे आहे, त्या वर्षी मी अकरावीत होते. बाबा नेहमीप्रमाणे जूनमध्ये गेले. नारळी पौर्णिमेच्या काही दिवस आधी, भर दुपारी, नानाकाका घरी आले. नानाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न न केलेले, कचेरीत कारकून, आमच्याच घरात राहणारे. ते कधी दुपारी घरी येत नसत. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्यांची छत्री मिटलेली, हातात होती. आई पडवीत बसून वाल सोलत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "मुंबईहून फोन आला होता. कचेरीत. दादा बोटीवर नाहीयेत."

"मग कुठे उतरले?" आईने विचारले. तिचा हात थांबला नव्हता.

"उतरले नाहीत. सापडत नाहीयेत."

आई एक वाल सोलून भांड्यात टाकेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुम्ही आधी डोकं पुसा, भाऊजी."

जे कळले ते इतकेच: बोट उत्तरेकडच्या समुद्रात होती; पहाटेच्या पाळीला बाबा आले नाहीत; त्यांना बोटभर शोधले; मग बोट मागे फिरवून दिवसभर पाण्यावर शोधले; आणि मग बोट आपल्या वाटेने पुढे गेली. कुणी काही पाहिले नव्हते. हे मला नानाकाकांनी स्वयंपाकघराच्या दारात, पंच्याने केस पुसता पुसता सांगितले. मला आठवतो तो त्यांच्या ओल्या सदऱ्यातून जमिनीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीत त्या थेंबांची उठत गेलेली काळपट गोल नक्षी. रडू आले नाही. ते येईल म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले, जसे दाराशी कुणाची चाहूल लागली की आपण उभे राहतो. मग जाऊन वालांची टरफले गोळा केली.

नारळी पौर्णिमेला आमच्या वाडीतल्या बोटीवाल्यांच्या बायका समुद्राला नारळ वाहतात. आपले माणूस त्याच्या स्वाधीन आहे, सांभाळ, एवढेच त्यात सांगायचे असते. त्या दिवशी सकाळी आईने नऊवारी नेसली, नारळाला हळदकुंकू लावले आणि आम्हां दोघींना म्हणाली, "चला." वाटेत पुलावर गोदाक्का भेटल्या. त्या आमच्या शेजारच्या. त्यांचे मालक म्हातारे होऊन बोटीवरून कायमचे घरी आलेले. त्या आईच्या हातातल्या नारळाकडे बघत राहिल्या.

"काय गो, तू पण?"

"का? मी का नको?"

"तसं नव्हे गो... मी आपलं म्हटलं."

"यायचंय तर चला बरोबर," आई म्हणाली, "पाऊस थांबलाय तोवर."

खाडीच्या मुखाशी लाटा उंच होत्या. आईने नारळ फेकला, तो लाटेने परत आणून तिच्या पायांशी टाकला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. छबू हसली आणि मग आमच्याकडे बघून गप्प झाली. शेवटी कुणाच्या तरी मुलाने धावत येऊन तो लांब भिरकावला. आसपासच्या बायका आईपासून जरा अंतर सोडून उभ्या होत्या. दुष्टपणाने नव्हे, दुखऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण सरकतो, तशा.

भाद्रपदात भटजी आले. नानाकाकांनी बोलावले होते. पडवीत पाटावर बसून, चहाची बशी हातात धरून, त्यांनी शास्त्र समजावले. ज्याचा देह सापडत नाही त्याचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग पुढचे दिवसवार होतात. पण माणूस नुसता हरवलेला असेल, कुणी जाताना पाहिला नसेल, तर बारा वर्षे वाट पाहायची.

"पाण्यात गेलेला माणूस हरवलेला कसा, भटजी?" नानाकाका म्हणाले. "भर समुद्रात कोण हरवतं? तिथे काय फाटे फुटतात?"

"पाहिलंय कुणी?" आतून आईचा आवाज आला.

भटजींनी बशी खाली ठेवली. ते सावकाश बोलणारे, भिडस्त गृहस्थ होते. "वहिनी, मी दोन्ही बाजूंनी सांगतो. घरच्यांचा निश्चय झाला असेल, तर आजही करता येतं. पण निश्चय तुमचा पाहिजे. तुम्ही 'गेले' म्हणायला हवं. तुमच्या कपाळावर कुंकू असताना मी अंगणात पुतळा बांधायचा, हे मला जमायचं नाही."

"मी नाही म्हणणार," आई म्हणाली.

"वहिनी, तो तिकडे उपाशी आहे," नानाकाका म्हणाले. "पितृपक्ष आलाय. आमच्या आईबापांना पान वाढायचं, आणि दादाला... त्याला मी कुठे बसवू? जेवायला बसलो की घास खाली उतरत नाही माझा."

"तुमच्या दादांना मी जेवण वाढत्ये ना रोज?"

ते खरे होते. बाबा गेल्यापासून, म्हणजे दरवर्षी ते बोटीवर गेल्यापासूनच, आई रात्री त्यांच्या नावाची एक मूठ भात वेगळा काढून ठेवी आणि सकाळी तो कावळ्याला नव्हे, गाईला घाली. तो क्रम तिने मोडला नव्हता. भटजी उठून गेले. त्या पितृपक्षात नानाकाकांनी आजोबा-आजीचे पान ठेवले, आणि विहिरीजवळ, जिथे कुणाचे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, आणखी एक केळीचे पान ठेवले. त्यावर नाव घेतले नाही. कावळा त्या पानाला शिवला की नाही ते मी पाहिले नाही. नानाकाका मात्र फणसाच्या झाडाआड बराच वेळ उभे होते.

तर असे ते घर होते. एका माणसाला बाबा गेले आहेत हे ऐकायचे होते आणि एकीला ते बोलायचे नव्हते. दोघे एकमेकांशी अतिशय मायेने वागत. आई नानाकाकांना कुळथाच्या पिठीवर तूप जास्त वाढी. ते तिला विहिरीचे पाणी ओढू देत नसत. कार्तिकात कंपनीकडून बाबांची ट्रंक आली. आईने ती उघडली, आतले धुतलेले, घडीचे कपडे पुन्हा धुतले, दरवर्षीसारखे मागच्या दारी वाळत घातले, आणि इस्त्री करून कपाटात ठेवले. सदऱ्यांना परक्या साबणाचा वास होता. धुतल्यावर तो गेला. मी त्या वर्षी पुष्कळ वाचले, पुष्कळ पाठ केले. वर्गात कविता म्हणायला मला उभे करत, आणि मी स्वच्छ उच्चारांत, एकही मात्रा न चुकवता म्हणून खाली बसे. बाई एकदा म्हणाल्या की आवाज गोड आहे, पण जरा भाव हवा. मी "हो" म्हटले.

आणि समुद्रावर आम्ही जातच होतो. आईचे पंचांग चालूच होते. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, थंडीत, पुळण इतकी रुंद झाली होती की पाण्याचा आवाज दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. आईने चटई पसरली, डबा पुरला, चप्पल ठेवली. मग ती चटईच्या एका कडेला बसली आणि मधली जागा मोकळी सोडली. छबू धावत आली आणि त्या जागेवर बसू लागली, तेव्हा आई म्हणाली, "इकडे बस गो, माझ्याजवळ. ऊब आहे." पोह्यांचे चार भाग केले. चौथा भाग झाकणात तसाच राहिला आणि घरी येताना तो छबूनेच वाटेत खाल्ला. पलीकडे किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत फिरू लागला होता. नानाकाका आमच्याबरोबर येत नसत. ते पुलाच्या कठड्याशी थांबत आणि आम्ही परतताना आमच्या हातातली चटई काढून घेत.

फाल्गुन गेला. शिमग्याला पालखी आमच्या दारात आली, नाचली, पुढे गेली. चैत्रात आईने गौर बसवली.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू आमच्याकडे दरवर्षी होई आणि आईच्या हातच्या आंब्याच्या डाळीसाठी बायका हातातले काम टाकून येत. त्या वर्षी तिने नेहमीसारखीच तयारी केली. कैऱ्या उकडून पन्हे केले, त्यात वेलची नि केशर. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, कैरी किसून, वर फोडणी. ओटीत घालायला भिजवलेले हरभरे. आरशाची पितळी चौकट चिंचेने घासून गौरीमागे लावली. पडवीत सतरंजी पसरली. "बायका येतील ना गो?" असे तिने मला विचारले नाही, पण तिने पन्ह्यात पाणी घातले, चव घेतली, पुन्हा गूळ घातला, पुन्हा चव घेतली, असे बराच वेळ चालले होते.

बायका आल्या. सगळ्या आल्या. कुणी बोलावणे नाकारले नाही. पडवी भरली, बांगड्या वाजल्या, मोगऱ्याचा आणि नव्या लुगड्यांच्या खळीचा वास पसरला. आई एकेकीला हळदकुंकू लावत, ओटीत हरभरे घालत, हातात डाळीची वाटी देत पुढे सरकत होती. रीत अशी की यजमानणीने लावल्यावर पाहुणीने त्याच करंड्यातले कुंकू उलट तिच्या कपाळाला लावायचे. आई प्रत्येकीपुढे करंडा धरून क्षणभर थांबे.

"अगो, माझा पन्ह्याचा हात आहे," एक म्हणाली.

"राहू दे गो, तुझं मस्त ठसठशीत आहे, पुसेल उगाच," दुसरी म्हणाली.

गोदाक्कांनी वाटी एका हातात आणि पेला दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. "डाळ काय झालीय म्हणून सांगू! आमच्या सुनेला एकदा शिकव." त्यांची सून शेजारीच होती, मागच्या मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली, चिपळूणकडची, फार तर माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. तिला कुणी काही सांगून ठेवलेले नसावे. आईने करंडा पुढे केला तशी ती हसली, तिने करंगळीजवळचे बोट कुंकवात बुडवले आणि हात उचलला. गोदाक्कांनी तिचे कोपर धरले.

"चल गो. दूध ठेवून आलोय चुलीवर, उतू जाईल."

"दूध तर, आत्या, मी उतरवून—"

"चल म्हणत्ये ना!"

मुलगी गोंधळून उठली. तिचे ते लाल बोट तसेच वर धरलेले होते. कुठे पुसावे ते तिला कळेना. जाता जाता तिने ते आमच्या पडवीच्या खांबाला टेकवले. मी आईकडे पाहिले. आई करंड्याचे झाकण लावत होती. तिने ते नीट बसले आहे ना, हे फिरवून पाहिले, आणि पुढच्या बाईला म्हणाली, "पन्हं घेतलंत का?"

कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी या वयात शपथेवर सांगेन. त्यांना भीती वाटत होती. सवाष्णीला कुंकू लावायचे म्हणजे तिच्या नवऱ्याचे आयुष्य मागायचे. आणि ज्याचे आयुष्य आहे की नाही ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी हात पुढे करताना आपल्याच घरावर काही ओढवेल की काय, असे त्यांच्या मनात आले असणार. माझ्याही हातात तेव्हा पेल्यांचे तबक होते. आपण उठून तिला कुंकू लावावे, असे माझ्या मनात आले नाही. मुलीने आईला लावण्याची ती रीत नव्हती, आणि रीतीबाहेरचे काही सुचण्याइतके माझे मन तेव्हा जागे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाकाका कचेरीला निघाले होते. आई ओट्यावर उभी राहिली.

"भाऊजी, भटजींना विचारा. दिवस कोणता धरायचा."

नानाकाका पायरीवर थांबले. "वहिनी, माझ्यासाठी म्हणून करू नका."

"तुमच्यासाठी नाही. वाट एकटीने बघता येत नाही हो. आणखी एक जण तरी लागतं." भटजींनी जे बोलायला सांगितले होते ते तिला बोलायचे होते. "गेले ते," ती म्हणाली.

नानाकाकांनी जे इतके महिने मागितले होते ते त्यांना मिळाले आणि ते तिथेच पायरीवर, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसले. पुष्कळ वेळ बसले. आई आत गेली होती.

वैशाखी अमावास्या ठरली. त्या सकाळी आमच्या अंगणात भटजींनी दर्भ आणि पळसाच्या पानांची देठे बांधून पुतळा करायला घेतला. डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या जागी कवड्या. त्या त्यांनी आपल्या पिशवीतून, कागदाच्या पुडीतून काढल्या. आमच्या घरात कवड्यांचा डबा भरलेला होता. कुणी तो काढला नाही, आणि मीही बोलले नाही. माणसाच्या आकाराचे काहीतरी हळूहळू गवतातून दिसू लागले. छबूला शेजारी पाठवायचे राहूनच गेले होते; ती तुळशीच्या कट्ट्याशी उभी होती.

"एवढेसे बाबा?" ती म्हणाली.

भटजींचे हात थांबले. आई दारात उभी होती, कपाळ मोकळे, पांढरट, जिथे कुंकू असायचे तिथे एक फिका गोल. ती म्हणाली, "भटजी, ते उंच आहेत. पाय जरा लांब करा."

"वहिनी, शास्त्रात माप—"

"करा हो," नानाकाका म्हणाले.

भटजींनी आणखी देठे घेतली आणि पाय लांब केले.

अशा कामाला बायका जात नाहीत. आई म्हणाली, मी येणार. आणि त्या दिवशी तिला नाही म्हणण्याची कुणाची शामत नव्हती. छबूला गोदाक्का घेऊन गेल्या, नेताना त्यांनी पदराने तिचे तोंड पुसले आणि आईकडे न बघता म्हणाल्या, "जेवू घालत्ये मी तिला. तुम्ही सावकाश या." मी आईबरोबर गेले. खाडीच्या मुखाजवळ, वस्तीपासून दूर, नानाकाकांनी अग्नी दिला. गवताला पेटायला वेळ लागत नाही. माणसाला लागतो तितका वेळ तिथे लागलाच नाही. आम्ही नीट उभे राहतो आहोत तोवर ते संपतही आले. पळसाची पाने तडतडली, नारळ एकदा मोठ्याने फुटला आणि खोबरे जळाल्याचा वास आला, सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात येतो तसा. नानाकाका लहान मुलासारखे, तोंड उघडे टाकून रडत होते. त्यांना पाहून मला बरे वाटले. म्हणजे कुणीतरी ते काम करते आहे असे वाटले. राख गोळा करून ते पाण्याकडे गेले आणि परत आले, तेव्हा त्यांचे धोतर कमरेपर्यंत भिजलेले होते. चेहरा मात्र सुटल्यासारखा दिसत होता, ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा.

आता आम्ही स्नान करायचे होते. घरी विहिरीवर करा, भटजी म्हणाले. आई समुद्राकडे बघत होती. इतक्या वर्षांत, इतक्या पौर्णिमा-अमावास्यांना, ती घोट्याच्या वर पाण्यात गेलेली मी पाहिली नव्हती. भरती चढत होती. उन्हे वर आली होती आणि पाणी अगदी शांत, पावसाआधीच्या दिवसांत असते तसे तेलकट, जड होते.

"भाऊजी," तिने विचारले, "तिकडचं पाणी गार असतं का हो? ते होते तिकडचं?"

नानाकाका मुंबईच्या पुढे कधी गेले नव्हते.

"बर्फ असतो म्हणतात तिकडे," आई म्हणाली. "वर्षभर मला तेच येतंय मनात. त्यांना थंडी सोसत नाही. वैशाखातसुद्धा ते कढत पाण्याने आंघोळ करत."

"समुद्र सगळा एकच, वहिनी," नानाकाका म्हणाले. "कुठे वेगळा थोडाच असतो? फिरतं पाणी. तिकडचं इकडे येतं."

आईने मान हलवली. मग पदर खोचला आणि ती पुढे चालू लागली. मी तिच्यामागे गेले, कारण तिला पोहता येत नव्हते. घोटे बुडाले, गुडघे बुडाले, लुगड्यात हवा भरून ते भोवती फुगले आणि मग भिजून खाली बसले. कमरेएवढ्या पाण्यात ती थांबली. बारीक लाट आली आणि आम्हां दोघींना एकदम उचलून पुन्हा खाली ठेवून गेली. तिने माझा दंड धरला. पायांखालून वाळू सरकत होती. किनाऱ्यावर भटजी पिशवी आवरत होते, नानाकाका डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत होते. लहान मुलांच्या अंगावर पाणी घालण्याआधी बायका बादलीत हात बुडवून बघतात, तसा आईने आपला मोकळा हात पाण्यात बुडवला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, आणि तो तसाच खाली धरून ठेवला. तिचा चेहरा मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

"कोमट."